मुलुंडच्या घरांचा नकाशा आधी लोकांपुढे ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलुंड पूर्वेला केळकर महाविद्यालयाच्या परिसरात प्रकल्पबाधितांसाठी ७,४३९ घरे बांधण्याचा महापालिकेचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हापासून आमच्याकडे भाजीवाल्यापाशी, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या जिन्यात हाच विषय आहे. त्यात धारावी पुनर्विकासाची भर पडली. धारावीतल्या काही लोकांना घरे देण्यासाठी मुलुंडची जकात नाक्याची आणि डम्पिंगची, म्हणजे कचराभूमीची, जागा मागितली गेली, मग मिठागरांचे नाव आले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा प्रश्न आमच्या मतदारसंघात गाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीवर भाड्याची घरे बांधायला मंजुरी दिली. त्यातले साडेअठ्ठावन्न एकर मुलुंडचे. लोकांच्या बोलण्यात आता ही सगळी प्रकरणे एकमेकांत मिसळली आहेत आणि 'धारावी मुलुंडात येणार' एवढे एकच वाक्य शिल्लक राहिले आहे.

मी महापालिकेची निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षे गोवंडी-मानखुर्द भागात, पुनर्वसन वसाहतींना लागून असलेल्या आरोग्य केंद्रात गेली. राहायला मुलुंड पूर्वेच्या म्हाडा वसाहतीत. ज्या प्रकारच्या घरांवरून वाद चालला आहे तिथे माझे काम होते, आणि जिथून विरोध होतो आहे तिथे माझा संसार आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या सोसायट्यांची एकत्र बैठक झाली. माणसे तळमळीने बोलली. एका तरुण इंजिनीअरने पाण्याचा दाब, सांडपाण्याची वाहिनी, स्टेशनकडे जाणारा रस्ता यांचा हिशेब मांडला. तो बिनतोड होता. घरटी पाच माणसे धरली तरी सदतीस हजार लोक होतात. एवढ्या माणसांसाठी पाणी कुठून वळवणार, मुलांसाठी शाळेचे वर्ग कुठे, सावरकर रुग्णालयावरचा भार कोण उचलणार, याचे उत्तर प्रशासनाने द्यायलाच हवे. मिठागर रोडवर संध्याकाळी शेअर रिक्षा कशा अडकतात हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. या प्रश्नांवर मी त्या मुलाच्या बाजूने आहे.

पण त्यानंतर सूर बदलला. 'तसली माणसे', 'त्यांच्या सवयी', 'आपल्या फ्लॅटचे भाव' असे शब्द येऊ लागले. एक ताई मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तरी समजून घ्या. माझी मुलगी रात्री आठला क्लासवरून चालत येते." त्यांची काळजी मला कळते, मलाही मुलगी आहे. त्या दिवशी सगळ्यांना बोलायचे होते, वेळ थोडा होता. त्यांना द्यायचे उत्तर इथे देते.

ताई, मी लसीचा डबा खांद्याला लावून अशाच वसाहतींमध्ये एकटी फिरले आहे. भर दुपारी फिरले आणि पोलिओच्या दिवसांत संध्याकाळीही. मला भीती वाटली ती जिन्याची. दिवे नसत, बल्ब लावला की चोरीला जाई, दोन इमारतींमधल्या बोळात कचऱ्याचा थर असे, पोलीस चौकी कुठेतरी लांब. त्या अंधाराची भीती तिथल्या बायकांना माझ्याहून जास्त होती. माझे काम संपले की मी घरी जाई, त्यांना तिथेच राहायचे असे. त्यांच्या मुलीही क्लासवरून येत. किती तरी वेळा त्या घरांतल्याच एखाद्या आजीने मला खालपर्यंत सोबत केली आहे.

त्या घरांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण बैठकीत बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती आतून पाहिली असतील. रेल्वे रुळांलगतच्या, नाल्याकाठच्या, रस्तारुंदीतल्या झोपड्या हटवून लोकांना २२५ चौरस फुटांची खोली दिली गेली. झोपडीतून पक्क्या घरात, स्वतंत्र संडास, दाराला कडी. पहिल्या दिवशी लोक नारळ फोडत आणि मला खरोखर आनंद होई. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की खालच्या मजल्यांवर सूर्य कधी पोचतच नसे. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावल्याशिवाय रुग्णाच्या उपचार-कार्डावरची अक्षरे मला वाचता येत नसत. वरच्या मजल्यांवरून कचऱ्याच्या पिशव्या खाली पडत, म्हणून खालची घरे खिडक्या कायमच्या बंद ठेवत. उरलीसुरली हवाही त्यामुळे गेली.

अशा खोलीत एका माणसाला क्षय झाला की काय होते हे मी पाहिले आहे. बाप खोकतो, सगळे एकाच खोलीत झोपतात, काही महिन्यांनी मोठ्या मुलीची थुंकी पॉझिटिव्ह येते. गोळ्या आपण देतो, सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून घेतो, कार्डावर 'बरा झाला' असा शेरा मारतो, आणि तो माणूस परत त्याच खोलीत जातो. क्षयाचा जंतू उजेडाला आणि वाहत्या हवेला घाबरतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्यालाही ते माहीत असले पाहिजे.

हे माझ्या एकटीचे म्हणणे नाही. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवंडी-मानखुर्द भागातल्याच लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी अशा तीन पुनर्वसन वसाहती त्यांनी तपासल्या. पहिल्या दोन दाटीवाटीच्या आणि तिसरी, तुलनेने जुनी, इमारतींमध्ये मोकळी जागा सोडलेली. लोक सारख्याच परिस्थितीतले, शहराचा भाग तोच. तरी दाट वसाहतींमध्ये क्षयाचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा किती कमी पोचते हेही त्यांनी मोजून दाखवले. म्हणजे माणसे तीच ठेवली आणि फक्त इमारती लांब लांब उभ्या केल्या, तर आजार कमी होतो. याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

आता नियमाकडे येते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हेक्टरी किमान ६५० घरांची घनता धरलेली आहे. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा नव्हे, किमान अट आहे. वर इमारतींमध्ये सोडायच्या मोकळ्या जागेच्या अंतरात सवलत. घराचे क्षेत्रफळ मात्र २२५ वरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट झाले. क्षेत्रफळ वाढले याचे स्वागतच, पण दोन इमारतींमधले अंतर वाढले का, हे कुणी विचारत नाही. प्रकल्पबाधितांच्या नव्या योजनांत खासगी जमीनमालकाला जमिनीच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) आणि बांधकामाच्या बदल्यात क्रेडिट नोट (महापालिकेची देणी भागवायला वापरता येणारे पत्र) मिळते. मोबदला बांधलेल्या घरांच्या हिशेबाने असेल, तर एका जागेवर जास्तीत जास्त घरे बसवण्याकडेच कल राहणार. मुलुंडच्या बॅनरांवर मला हे एकदाही वाचायला मिळालेले नाही. बॅनरवर फक्त कोण येणार ते असते.

येणार कोण, हेही नीट पाहू. प्रकल्पबाधित म्हणजे ज्यांची घरे रस्ता, पूल, नाला, जलवाहिनी यांच्या कामात गेली ती कुटुंबे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याची आपण सगळे किती वर्षे वाट पाहतो आहोत. तो झाला की पश्चिम उपनगरात जायला लागणारा वेळ वाचेल म्हणून आमच्या सोसायटीतली मुले खूश आहेत. त्या रस्त्यासाठी खिंडीपाड्यासारख्या वस्त्यांतली घरे जाणार. ती माणसे शेजारच्या भांडुपची. त्यांतल्या किती तरी जणी मुलुंडमध्ये घरकामाला येतात, किती तरी जण इथे रिक्षा चालवतात, बाजारात हातगाडी लावतात. रस्ता आपल्याला हवा, त्यांचे काम आपल्याला हवे आणि त्यांचे घर तेवढे आपल्याजवळ नको, ही भूमिका मला पटत नाही. मी हे बैठकीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर सांगेन.

धारावीचा प्रश्न निराळा आहे आणि तो निराळाच ठेवला पाहिजे. तिथल्या योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या झोपडीधारकाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर आहे. २००० ते २०११ दरम्यानच्यांना धारावीबाहेर, अडीच लाख रुपयांत. त्यानंतर आलेले आणि माळ्यावर राहणारे भाड्याच्या घरांत. मुलुंडचे नाव ज्यांच्यासाठी घेतले जाते ते हे लोक. त्यांना स्वतःला इथे यायचे आहे का? धारावीत कुंभारवाडा आहे, चामड्याचे काम आहे, कपडे शिवण्याचे, भंगार वेगळे करण्याचे काम आहे. खाली गाळा आणि वर माळ्यावर बिऱ्हाड, अशी तिथली पद्धत. माळ्यावरच्या कारागिराला मुलुंडच्या मिठागरात नेऊन सोडले तर त्याचे मशीन कुठे ठेवायचे आणि माल कोण देणार? आपण इथे 'येऊ देणार नाही' म्हणतो आणि ते तिथे 'जाणार नाही' म्हणतात. मागणी दोघांची एकच आहे, पण आपण त्यांना विरोधी पक्ष समजून बसलो आहोत.

माझ्या एका रुग्णाची गोष्ट सांगते. माहीमला रुळांशेजारी तिची झोपडी होती, चार घरची धुणीभांडी होती. पुनर्वसनात गोवंडी भागात खोली मिळाली. सुरुवातीला ती रोज माहीमला जाई. सकाळी सहाच्या आत निघायचे, बस, मग हार्बर, मग पुन्हा बदल. मुलाला कोण पाहणार म्हणून दोन घरे सोडली, मग उरलेली दोन. नव्या जागी आजूबाजूला सगळेच तिच्यासारखे, कामाला कोण ठेवणार? वजन चाळीस किलोच्या खाली गेले तेव्हा ती माझ्याकडे आली. घर मिळाले म्हणून सरकारी कागदावर ती लाभार्थी होती.

मिठागरांना माझा विरोध आहे आणि तो पूर्ण आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पूर्वेकडच्या खाडीकाठच्या मोकळ्या जागांनी पाणी धरून ठेवले नसते तर आपली काय गत झाली असती, याचा विचार करावा. भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी सखल जागा शोधते. तिथे भराव घालून इमारती उभ्या केल्या तर पाणी नाणेपाड्याकडे, नीलम नगरकडे सरकेल, आणि भरावावर राहणारेही सुरक्षित नसतील. डम्पिंगच्या जागेबद्दलही तेच. २०१८ मध्ये ते बंद झाले, पण साठलेला कचरा उकरून त्याची विल्हेवाट लावायचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालले आहे. त्याच्या वासाने आमच्या हरी ओम नगरच्या लोकांनी किती सोसले आहे. जी जमीन आपल्या मुलांना राहायला आपण देणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलांना कशी द्यायची?

हे आधी एकदा करून झाले आहे. माहुलला ७२ इमारती आणि सतरा हजारांवर घरे बांधली गेली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून लोकांना तिथे पाठवले. राष्ट्रीय हरित लवादाने त्या परिसरातल्या हवेबद्दल २०१५ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता. माणसे आजारी पडली, आंदोलन झाले, विद्याविहारच्या फुटपाथवर कुटुंबे बसून राहिली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कुणावर तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही म्हणून दुसरीकडे भाड्याने राहायला दरमहा १५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. हजारो घरे रिकामी राहिली. २०२५ मध्ये तीच घरे महापालिकेच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली गेली, तर अर्ज फारच थोडे आले. त्या श्रेणीतले माझे जुने सहकारी अजून भाड्याच्या खोल्यांत राहतात, डोंबिवलीहून, बदलापूरहून ये-जा करतात. घराची गरज त्यांच्याइतकी कुणाला नाही. तरी त्यांनी ते घर घेतले नाही.

आणखी एक गोष्ट मला आमच्याच लोकांना विचारायची आहे. आमची वसाहतही सरकारी योजनेतलीच. अल्प उत्पन्न गटात आमचा अर्ज लागला म्हणून आम्हाला मुंबईत डोक्यावर छप्पर मिळाले. बाजारभावाने घर घेणे माझ्या आणि माझ्या यजमानांच्या पगारात या जन्मी झाले नसते. आमच्या इमारतींभोवती मोकळी जागा आहे, खिडकीतून झाड दिसते, मुले खाली खेळत मोठी झाली. सरकारने बांधलेले घर चांगले असू शकते, याचा पुरावा आम्हीच आहोत. आज मुलुंडमध्ये जुन्या इमारती पाडून एकामागून एक टॉवर उठत आहेत. चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस, घरटी गाडी, काही घरी दोन. त्या प्रत्येक टॉवरला पाणी लागते, त्यांचे सांडपाणी त्याच वाहिनीत जाते आणि त्यांच्या गाड्या त्याच रस्त्यावर येतात. त्यांच्याविरुद्ध बैठक भरल्याचे मी ऐकले नाही. पाण्याचा हिशेब करायचा तर सगळ्यांचा करा. गरिबाचे घर आले की तेवढ्यापुरता करायचा, हे न्यायाला धरून नाही.

माझी मागणी अशी आहे. केळकर महाविद्यालयाजवळच्या जागेचा, किंवा मुलुंडमध्ये प्रकल्पबाधितांसाठी जी कोणती जागा ठरेल तिचा, पूर्ण नकाशा महापालिकेच्या टी विभाग (मुलुंड) कार्यालयात मराठीतून लावावा. त्यात दोन इमारतींमधले अंतर मीटरमध्ये लिहिलेले असावे आणि सर्वांत खालच्या मजल्यावर डिसेंबरमध्ये किती तास ऊन येईल तेही. आज हे संगणकावर काढता येते. अंगणवाडी, शाळा, दवाखाना, मैदान आणि पोलीस चौकी यांची जागा नकाशात दाखवावी, आणि घरांच्या चाव्या देण्याआधी त्या सुरू व्हाव्यात. घरांची संख्या त्या जागेला झेपेल एवढीच ठेवावी. ७,४३९ बसत नसतील तर उरलेली शहराच्या इतर विभागांत बांधावीत. दक्षिणेकडेही महापालिकेच्या जमिनी आहेत. ज्या विभागात घर तुटले त्याच विभागात घर, हा पहिला नियम हवा. खिंडीपाड्याचे लोक मुलुंड-भांडुपमध्ये, माहीमचे माहीमच्या जवळ.

आणि देखभालीचे पैसे. हा मुद्दा सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो, पण वसाहत जगते की मरते ते इथे ठरते. सुरुवातीच्या योजनांत घरामागे वीस हजार रुपये ठेव म्हणून ठेवत आणि त्याच्या व्याजात लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे सगळे भागवायचे. लिफ्ट एकदा बंद पडली की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच सोसायटी गप्प बसे. सातव्या मजल्यावरचा माझा एक रुग्ण, फुप्फुसे निम्मी गेलेली, लिफ्ट बंद म्हणून डोससाठी खाली येऊ शकत नव्हता. आमच्या आरोग्यसेविका जिने चढून गोळ्या देत. त्यांना मानधन किती मिळे हे मी इथे लिहीत नाही. उंच इमारती बांधायच्याच असतील तर किमान दहा वर्षे लिफ्ट आणि पंप चालवायची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाका आणि ती करारात लिहा.

सोसायट्यांच्या पुढच्या बैठकीत 'घरे नकोत' असा ठराव मांडला जाणार आहे. त्यावर मी सही करणार नाही. वर लिहिलेल्या मागण्यांचा वेगळा मसुदा मी तयार केला आहे. मिठागर आणि डम्पिंगच्या जागेला विरोध हे त्याचे पहिले कलम आहे. त्या इंजिनीअर मुलाने पाणी आणि सांडपाण्याचे आकडे त्यात घालायचे कबूल केले आहे. ज्यांना मुलीची काळजी आहे त्या ताईंनी जिन्यातले दिवे आणि पोलीस चौकीचे कलम स्वतःच्या हाताने लिहावे, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि त्या विचार करत आहेत. खिंडीपाड्यातल्या दोन-तीन बायकांनाही बैठकीला बोलवावे, असा माझा आग्रह आहे. काही जणांना तो आवडलेला नाही. त्या येणार असतील तर खुर्च्या मी माझ्या घरून आणते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
म्हाडा वसाहत, मुलुंड (पूर्व)